पस्तीस टक्के उजेड

ग्लेन्नाने हेअर ड्रायर गाडीच्या काचेच्या कोपऱ्याशी धरला, मनातल्या मनात एक शिवी हासडली आणि ब्लेडच्या टोकाने फिल्मची कड उचलली. तीन काचा साफ झाल्या होत्या, ही शेवटची. काळी फिल्म वीतभर सरळ निघून आली आणि नेमकी मधोमध फाटली. गोंद काचेवर तसाच राहिला. गॅरेजचं दार तिने लावून घेतलं होतं. दाराखालच्या फटीतून ऑगस्टच्या उन्हाची एक पट्टी आत घुसली होती, तिच्यापासून ती पाय राखून उभी होती.

उन्हाशी तिचं जन्माचं वैर. दोष रक्तातलाच होता. उजेड अंगावर पडला की कातडीच्या आतून कुणी उकळतं पाणी फिरवतंय अशी आग व्हायची, आणि ती दोन-दोन दिवस हटायची नाही. वरून मात्र बहुधा काहीच दिसायचं नाही, ना फोड ना चट्टा. त्यामुळे सेहेचाळीस वर्षं लोक तिच्याकडे नाटकी बाई म्हणून बघत आले होते. जुन्या गाडीला काळ्या काचांची रीतसर सूट होती. त्या गाडीने वसंतात मान टाकली, तिने दुसरी घेतली, दुकानदाराने तशीच फिल्म लावून दिली आणि नव्या सुटीचा अर्ज राजधानीला गेला. तो तिकडेच पडून राहिला.

मग पोस्टाच्या रस्त्यावर डेप्युटी रँडल ओक्सने तिला थांबवलं आणि काचेला यंत्र लावलं.

“मॅडम, पस्तीस टक्के उजेड आत यायला पाहिजे. तुमच्याकडे सतराच येतोय.”

“मला सूट आहे. हा घ्या कागद.”

“हा जुन्या गाडीचा आहे. सूट गाडीला असते, मॅडम.”

“ऊन मला लागतं. गाडीला नाही.”

ओक्स ओशाळला, पण लिहायचा थांबला नाही. शुक्रवारपर्यंत फिल्म काढून गाडी कोर्टाच्या आवारात दाखवली तर प्रकरण मिटेल, असं त्याने सांगितलं. गाडी दाखवायला शेजारीण नेणार होती. नवी सूट मिळेस्तोवर ग्लेन्ना घरात बसणार होती. सरळमार्गी माणसाला दुसरं काय जमतं?

ती शेवटचा गोंद खरवडत होती, तेव्हा बाजूच्या दाराने तिचा भाऊ डेल आत आला. टोपी हातात होती. डेलची टोपी फक्त आंघोळीला उतरते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

“आई गेली,” तो म्हणाला. “पहाटे. झोपेतच, असं नर्स म्हणाली.”

ग्लेन्नाने ब्लेड बॉनेटवर ठेवलं. तिची नजर आधी त्या चार लख्ख काचांवर गेली, मग भावाच्या चेहऱ्यावर. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दिवस मावळल्यावर दोघं अंत्यविधीचं काम बघणाऱ्या वेल्डन साइझमोर यांच्याकडे गेली. टेनेसीतल्या त्या खोऱ्यातल्या तीन पिढ्या त्यांनी मातीआड पोचवल्या होत्या. म्हातारबुवा डेस्कमागे हात जुळवून बसले आणि भावाबहिणीचं भांडण पावसासारखं संपायची वाट बघू लागले.

“शनिवारी अकराला चर्च, मग लगेच टेकडीवर दफन,” डेल म्हणाला.

“संध्याकाळी ठेव ना. ऊन उतरलं की.”

“खड्डेवाले दुपारनंतर थांबत नाहीत. आणि आईला काय चोरासारखं अंधारात पुरायचं?”

“मग मी कशी येऊ?”

“माझ्या ट्रकात मागच्या सीटवर अंगावर गोधडी घेऊन आडवी हो. नाहीतर घरी थांब. मी फोनवर दाखवतो.”

“आईला पोचवायला बटाट्याच्या पोत्यासारखी येऊ?”

“तुझं ऊन!” डेलने टोपी मांडीवर आपटली. “जन्मभर या घरात तुझंच ऊन चाललंय. मी बारा वर्षांचा होईस्तोवर मागच्या सीटवर गोधडी बघत बसलो. डोंगर ओलांडले, तरी गोधडी. समुद्रावर गेलो, तरी गोधडी!”

हे मात्र खरं होतं. त्यांची आई ओपल गाडीच्या मागच्या काचांवर निळी गोधडी लावायची, कपड्यांच्या चिमट्यांनी. चिमटे लावायचं काम डेलचं. मग दोन्ही पोरं अंधारात बसायची आणि स्टिअरिंगवरून आई एकेक सांगत जायची. आता नदी आली. आता लाल कोठार आलं, गच्च भरलंय. आता एक म्हातारा कुत्र्यावर ओरडतोय, कुत्रा ऐकत नाहीये. ग्लेन्नाला तेवढं जग पुरायचं. डेलला ते उष्टं वाटायचं. त्याने हे आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आता बोलला तो परक्या माणसासमोर. ग्लेन्नाला राग आला.

दुसऱ्या दिवशी तिने राजधानीतल्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ बाजा ऐकवल्यावर एक बाई बोलायला आल्या. आवाज गोड होता, त्यामुळे चिडताही येईना.

“अर्ज डॉक्टरांच्या समितीकडे आहे. चार ते सहा आठवडे लागतात.”

“परवा माझ्या आईचं दफन आहे हो.”

“अरेरे. पण मग तुम्ही पारदर्शक फिल्म का नाही लावत? अतिनील किरणं अडतात आणि परवानगीही लागत नाही.”

“मला अतिनील बाधत नाही. साधा उजेड बाधतो. तुम्हाला आत्ता खिडकीतून दिसतोय ना, तोच.”

पलीकडे कळफलक वाजला, थांबला.

“साध्या उजेडासाठी इथे रकाना नाहीये, हनी.”

ग्लेन्नाने फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर मूठ आपटली. चमचे उडाले. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी तिची गत झाली होती. फाडलेली फिल्म गॅरेजच्या कचऱ्याच्या डब्यात होती. शहरातल्या दुकानात नवी लावून घेतली, तर ओक्सने पुन्हा थांबवून थेट कोर्टात उभं केलं असतं. तिने दोन दिवस उशीर केला असता, ती थोडी बेफिकीर असती, तर आज आईला पोचवायला जाऊ शकली असती. नियम पाळला, हीच काय ती चूक.

त्या दिवशी अंधार पडल्यावर ती आईचा निळा ड्रेस आणि ती गोधडी घेऊन साइझमोर यांच्याकडे गेली. गोधडी शवपेटीवर घालायची होती. म्हातारबुवा शववाहिका पुसत होते. त्यांनी तिची सगळी कहाणी ऐकली आणि फडक्याने गाडीच्या मागच्या काचेवर टिचकी मारली.

“चाळीस वर्षांत या काचेला कुणी यंत्र लावलं नाही, पोरी. मेलेल्या माणसाला किती उजेड लागतो, हे सरकारनं अजून ठरवलेलं नाही.”

“तुम्हाला थट्टा सुचतेय, मिस्टर वेल्डन.”

“थट्टा नाही. आतून जाड पडदे आहेत. ओपलबाईंच्या शेजारी एक छोटं स्टूल मावेल. नियमात बसत नाही, पण तू बसशील.”

ग्लेन्ना त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. म्हातारबुवांनी तिच्या हातात पुसायचं फडकंच दिलं.

शनिवारी ती उजाडायच्या आधीच चर्चमध्ये येऊन बसली. प्रार्थनेनंतर तिथल्या छताखालच्या पोर्चमधून तिला आईपाठोपाठ शववाहिकेत चढवलं. अंगात लांब बाह्या, हातात मोजे, डोक्यावर रुंद काठाची हॅट. मागचं दार लागलं आणि अंधार झाला. गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडले. गुडघे पेटीला टेकत होते. गोधडीवर हात ठेवून ती बसली. गोधडीच्या काठावर चिमट्यांनी पडलेल्या चुण्या अजून बोटांना लागत होत्या.

पडद्याला एक बारीक फट होती. हॅट पुढे ओढून तिने डोळा लावला. समोरून येणारी गाडी बाजूला घेऊन थांबली. मग दुसरी. शेतात ट्रॅक्टरवरच्या माणसाने इंजीन बंद केलं, टोपी काढली आणि तसाच उभा राहिला. इकडची रीतच ती. ओळख असो नसो, प्रेत जाताना माणूस थांबतो. ग्लेन्नाने ही रीत आजवर कधी आतल्या बाजूने पाहिली नव्हती.

चौकात डेप्युटी ओक्स वाहतूक अडवून उभा होता. हॅट छातीशी धरलेली, मान खाली. शववाहिका त्याच्या अगदी हातभर अंतरावरून गेली.

“इथून सतरासुद्धा येत नाही रे, बाबा,” ग्लेन्ना पुटपुटली.

तिला पुन्हा संताप आला. ज्या काचेसाठी जिवंत बाईला कोर्टाची भीती घालायची, त्याहून काळ्या काचेसमोर हा माणूस मान झुकवून उभा. टोपी काढायला इथे आधी मरावं लागतं. चौक मागे पडला, तिने फट मिटली. गाडी वळली, चढाला लागली. अंधारात बसल्या बसल्या सवयीने तिचे कान टवकारले. आता काय आलं, हे कुणीतरी सांगेल म्हणून ती थांबली. पेटी गप्प होती.

टेकडीवर मागचं दार उघडलं आणि उजेड भसकन आत आला. ग्लेन्ना कोपऱ्यात सरकली.

“काल पाऊस झालाय गं,” साइझमोर दाराशी वाकून हळूच म्हणाले. “फाटकापुढची खडी खचलीय, चाकं रुततील. खड्ड्यावरच्या तंबूपर्यंत गाडी नेता येत नाही.” त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी गोधडी उचलून तिच्याजवळ ठेवली आणि पेटीवर फुलं मांडली. सहा खांदेकऱ्यांनी पेटी बाहेर ओढली. पुढची उजवी कडी डेलकडे होती.

तंबू कबरस्तानाच्या पार दुसऱ्या टोकाला दिसत होता. मधे नुसतं ऊन, आणि त्या उन्हाला उलटं वर फेकणारी पांढरी खडी. ग्लेन्नाने मोजे वर ओढले, हॅट खाली केली आणि एक पाय खाली टाकला. हॅटचा उपयोग वरून येणाऱ्या उजेडाला, खालून येणाऱ्याला नाही. पायमोज्याच्या जाळीतून पोटरी पेटली, मग हनुवटी. तिने दात आवळून दुसरा पाय टाकला, क्षणभर उभी राहिली आणि मागे फिरून दाराच्या कडेवर बसली. इथवर येऊन! आई तिथे आणि ती इथे. तिला कुणाला तरी ओरबाडावंसं वाटलं.

“जा तुम्ही,” ती म्हणाली. “मी इथूनच ऐकते.”

कुणी हललं नाही. पेटीच्या भाराने पाठीमागचा एक जण पाय बदलत होता.

“डेल, चल ना,” कुणीतरी म्हणालं.

डेल जागचा हलला नाही. त्याने बहिणीकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या गोधडीकडे पाहिलं, आणि नको असलेलं काम परत गळ्यात पडल्यावर तोंड होतं तसं त्याचं तोंड झालं.

“रँडल,” त्याने गाड्यांमागोमाग येऊन फाटकाशी उभ्या राहिलेल्या डेप्युटीला हाक मारली. “इकडे ये. माझी कडी धर.”

ओक्स आला आणि शववाहिकेच्या दारात बसलेली बाई त्याला दिसली. त्याने तिला ओळखलं. तिच्या तांबरलेल्या हनुवटीकडे त्याने पाहिलं, काळ्या काचेकडे पाहिलं. त्याने हॅट गवतावर ठेवली आणि डेलच्या हाताखालची कडी धरली.

डेलने गोधडी झटकली आणि दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतली. आत अंधार झाला. जुन्या कापसाचा आणि आईच्या साबणाचा वास आला.

“अजून तोच वास,” डेल पुटपुटला. “शी. डोकं खाली घाल, वटवाघळे.”

“तू पाय देतोयस माझ्या पायावर.”

“मग नीट चाल.”

ती चालू लागली. पुढची कड डेलने बोटभर उचलून धरली होती, तेवढ्यातून त्याला दिसत होतं. ग्लेन्नाला फक्त त्याचे पॉलिश केलेले बूट आणि खडी दिसत होती. पुढे खांदेकऱ्यांची पावलं एका लयीत वाजत होती. मग डेलने घसा खाकरला.

“आता फाटक आलं,” तो म्हणाला. आवाज चिडकाच होता.

ग्लेन्नाचं पाऊल अडखळलं. त्याने तिचं कोपर धरलं.

“आता आजोबांचा दगड. कुणीतरी प्लॅस्टिकची फुलं ठेवलीत, वाऱ्यानं पडलीत.” थोडं थांबून तो पुढे बोलला, “आता मिसेस टॅली. रुमाल शोधतायत. पर्स सगळी उपसली. हां, सापडला.”

खडी संपली, ओलं गवत लागलं. त्याचा आवाज हळूहळू खाली उतरत होता, आणि वाक्यांच्या शेवटी तो किंचित लांबवत होता, गाडी चालवणारं माणूस मागच्या सीटवरच्या पोरांसाठी लांबवतं तसा.

“आता उतार आहे, सांभाळ. आता पाद्री. टाय वाकडा आहे त्याचा.”

पायाखाली तंबूतला हिरवा गालिचा आला. अंगावरची धग एकदम कमी झाली. पुढची पावलं थांबली, काहीतरी जड टेकल्याचा आवाज झाला. डेलने गोधडी लगेच काढली नाही. तिच्या कोपरावरची त्याची बोटं घट्ट झाली.

“आता,” तो म्हणाला. “आता आई आली.”