यजमान बसत नाही

"बसा की, वितोमिरकाका," रादोये तिसऱ्यांदा म्हणाला.

"का? खुर्चीचा पाय कापून ठेवलायस?"

टेबलाभोवतीचे पाहुणे हसले. रादोयेला हसू येईना. पाण्याचे मीटर वाचत आयुष्य गेलेल्या या माणसाला स्तानोइकाआत्या घर ठेवून गेली होती, पण अट घालून: घरच्या संताच्या सणाला म्हाताऱ्या वितोमिरनं पाद्रीबाबांच्या देखत टेबलाच्या शिरोभागी बसायचं. नाही बसला, तर घर चर्चला. त्यामुळे पाद्रीबाबा आज फार सावकाश जेवत होते.

आमच्या सर्बियात या सणाला आमंत्रण देत नाहीत. येईल तो पाहुणा. म्हणून रादोये आठवडाभर वितोमिरच्या फाटकासमोर, "यंदा सूप फक्कड होणार!" असं ओरडत हिंडला. वितोमिर आला, कोट घालून आला, पण बसेना.

"बसलो की सही मागाल," तो म्हणाला.

"सही नको, काका. नुसतं बूड टेका!"

"फुकट कोण बसवतं हल्ली?"

रादोयेची बायको झागोर्का कुजबुजली, "आत्या जन्मभर बिनलग्नाची राहिली, आणि मान याला? पाणी मुरतंय कुठंतरी."

एवढ्यात वितोमिरनं रादोयेच्या हातातली बाटली काढून घेतली आणि स्वतःच पाहुण्यांचे पेले भरू लागला.

"काका, हे माझं काम! शेवटचा पाहुणा जाईपर्यंत यजमान बसत नाही."

"तेच सांगतोय केव्हाचा. स्तानोइकाच्या बापानं तेव्हा मला हो म्हटलं असतं, तर आज बाटली कुणाच्या हातात असती?"

"बघा, घरावर डोळा!" झागोर्का म्हणाली.

वितोमिर दिवसभर उभा. प्रत्येकाला आग्रह करी, प्रत्येकाला दारापर्यंत पोचवी. दिवेलागणीला सगळ्यांत शेवटी पाद्रीबाबा उठले, अक्रोडाच्या केकचा तुकडा रुमालात बांधून घेतला. "अरेरे, बसला नाही हो," असं अगदी प्रसन्न चेहऱ्यानं म्हणत ते पायऱ्या उतरले.

वितोमिरनं बाटली खाली ठेवली. तळवे कोटाला पुसले. शिरोभागच्या खुर्चीत बसला.

झागोर्कानं नवऱ्याला कोपर मारलं. "मार हाक! फाटकाशीच आहेत अजून!"

रादोयेनं तोंड उघडलं. म्हातारा शेजारची खुर्ची जराशी मागं सरकवत होता, कुणाला तरी बसायला जागा व्हावी तशी.

"सूप उरलंय का रे?" त्यानं विचारलं.

बाहेर फाटक वाजलं. रादोयेनं दार हलकेच लोटलं आणि सूपचं भांडं पुन्हा चुलीवर चढवलं.