चोवीस संगणक, एक सर्व्हर

विनताने शेवटच्या संगणकाची जुनी हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. संगणकाने केबलमधून सर्व्हरकडे विचारणा केली, तिथून बूटलोडर नावाचा चिमुकला प्रोग्राम उतरवून घेतला आणि मिनिटभरात चोविसावा पडदाही निळा झाला.

"झालं," ती म्हणाली.

पुण्याहून हिंदी मुलखातल्या नेपियर टाउनच्या या कॉलेजात शिकवायला येऊन तिला चार महिने झाले होते. दोन दिवसांत लॅब सुरू करते, असं तिने प्राचार्यांना ठणकावून सांगितलं होतं. चार वाजता ते पाहायला येणार होते.

बाबाराव केबलचं वेटोळं घेऊन उभे होते. अकरा वर्षं ते करारावर ही लॅब सांभाळत होते. रोज कुठलं तरी मशीन रुसायचं आणि ते पेनड्राइव्ह लावून त्यात सगळं नव्याने भरत बसायचे.

"मॅडम, आता एखादं बिघडलं तर?"

"बंद करून चालू करायचं. सगळं सर्व्हरवरूनच येतं. कोणीही करेल."

"अच्छा." त्यांनी वेटोळ्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "चांगलंच झालं. माझा करार वाढवायचा कागदही याच महिन्यात प्राचार्यांच्या सहीला जाते."

आवाजात तक्रार नव्हती. विनताने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. ती सर्व्हरपाशी गेली, बूटलोडरच्या सेटिंगची फाइल उघडली आणि तिच्यातली ओळ न् ओळ पुसून टाकली. मग सगळी मशीनं बंद केली.

"काहून पुसलं, मॅडम?"

"बसा इथे. मी सांगते, टाइप तुम्ही करा."

"मला जमन का?"

"सतरा ओळी आहेत."

तिने हाताची घडी घातली ती सोडली नाही. बाबाराव एका बोटाने टाइप करत राहिले. सतरा ओळी झाल्यावर त्यांनी पहिलं मशीन चालू केलं, तर त्याने फाइल सापडत नसल्याचं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. विनता खिडकीबाहेर बघत होती. ते पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवत आले, नवव्या ओळीवर थांबले आणि राहून गेलेली तिरकी रेघ भरली.

चार वाजता प्राचार्यांनी चोवीस निळ्या पडद्यांवरून नजर फिरवली.

"कमाल है, विनता जी। कितना समय लगा?"

विनताने बाबारावांकडे पाहिलं. सर्व्हरसमोरच्या खुर्चीतून ते अजून उठले नव्हते.

"मॅडम को दो दिन, सर," ते म्हणाले. "मुझे पैंतीस मिनट।"