डाव्या डोळ्याचा नकाशा

दीड वर्षापूर्वी, पोळ्याच्या आठवड्यात आलेल्या अन्नपूर्णाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

‘रुपालीच्या चष्म्याचा नंबर सारखा वाढतो. डॉक्टर म्हणतात, बुबुळाचा नकाशा काढा. चष्म्यानं दिसतं तर नकाशा कशाला, असं हे म्हणतात. दादा, तुम्ही दोन ओळी लिहा.’

मी मलकापुरात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. म्हणून धाकट्या बहिणीला वाटतं, मला सगळं कळतं. मी डोळ्यांवरची दोन पुस्तकं वाचली, तीन मसुदे केले. चुकीचं सांगितलं तर? तिन्ही मसुदे पुस्तकातच राहिले.

काल ती लेकीला, रुपालीला घेऊन धामणगाव बढ्याहून आली. नवऱ्याला, पंजाबरावांना लग्नाचं निमित्त सांगून. आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. रुपालीनं यंत्रावर हनुवटी टेकवली आणि पडद्यावर दोन रंगीत नकाशे उमटले. उजवा मध्यभागी लालभडक. डावा निळा-हिरवा, खाली फक्त एक नारिंगी ठिपका.

“बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “उजव्यावर आता डागही पडलाय, त्याला उशीर झालाय. डाव्याची सुरुवात आहे. थेंब घालून, विशिष्ट प्रकाश देऊन तो इथेच थांबवता येईल. पण याच महिन्यात करा.”

“दीड वर्षापूर्वी उजवा कसा असेल?” मी विचारलं.

“बहुधा या डाव्यासारखा.”

आम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसलो.

“दादा, काऊन नाही धाडलं उत्तर?” अन्नपूर्णा म्हणाली. “हे रोज म्हणत, दादाचं पत्र येऊ दे, मंग पाहू.”

“मामा शाई वाळाची वाट पाहून राह्यले असतीन,” रुपाली हसली.

“पंजाबरावांशी फोनवर बोलतो.”

“त्यायले फोनवर आयकू येते का कधी? लिहा.”

“मग आत्ताच लिहितो, घेऊन जा.”

“माह्या हातानं नको. म्हणतीन, तूच बसून लिहून घेतलं. टपालानंच धाडा.”

दोघी संध्याकाळच्या एसटीनं परत गेल्या. आज सकाळी लिहायला बसलो. ‘पंजाबराव, डाव्या डोळ्याचा उपचार याच महिन्यात करा. उजव्याला उशीर माझ्यामुळे झाला.’ मध्ये दोनदा ‘बहुधा’ लिहिलं गेलं, दोनदा खोडलं. नवी प्रत काढायला हात कागदाकडे गेला, तो मागे घेतला.

खाडाखोडीसकट पाकीट बंद केलं आणि पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं पाठवलं.