नावांचे नऊ अध्याय

आमच्या शाळेला घंटा नाही. शाळा म्हणजे आमचं जेवणाचं टेबल, आणि मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शिपाई सगळं आईच. ती पूर्वी खऱ्या शाळेत गणित शिकवायची. एका वर्गात साठ मुलं म्हणजे शिक्षण नव्हे, कोंडवाडा, असं तिचं मत झालं आणि तिने नोकरी सोडून आम्हा दोघी बहिणींना घरीच शिकवायला घेतलं. सकाळी प्रार्थना, मग गणित, मग भाषा, मग विज्ञान. धाकटीचं विज्ञान सध्या एका खोक्यात आहे, त्यात अकरा गोगलगायी आहेत. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणतात, दिवसभर वर-खाली करून माणसाने घरी यावं, तर इथेही खोक्याच्या भिंतीवर तेच चाललेलं.

घंटा नाही म्हणून नियम एकच : काम संपलं की सुटी. दहा गणितं म्हणजे दहा गणितं, मग ती तासात होवोत नाहीतर दिवसात. त्यामुळे उरकण्यात मी लहानपणीच तरबेज झाले. काय केलं ते वहीत मी लिहायचं आणि आईने खाली सही करायची. ती तपासत बसत नाही. "वही तुझी आणि देवाची, मी नुसती साक्षीदार," असं म्हणते. ऐकायला छान वाटतं, पण सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात असली वही देणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं आहे.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता वहीत एक वेगळं काम असायचं. खालच्या मजल्यावरच्या आजींना शास्त्र वाचून दाखवायचं, दर वेळी दहा अध्याय.

या आजी आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवायच्या. मग डोळे गेले. उजेड-अंधार कळतो, एवढंच. तरी घर स्वतः चालवतात. चहाचा कप भरत आला की नाही ते आवाजावरून ओळखतात, आणि विणकाम बोटांनी करतात. मागच्या वर्षी त्यांनी आईला सांगितलं की त्यांना एकदा पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकायचं आहे, एकही शब्द न गाळता. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि माझी नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी आजींनी करार केला. "दुपारची वेळ आहे, मी पेंगणार. सुया थांबल्या आणि मान खाली गेली की गुडघ्यावर टिचकी मारायची. लाजायचं नाही."

मी लाजले नाही. सव्वा वर्षात पन्नास टिचक्या तरी मारल्या असतील. एकदा तर त्या दचकून उठल्या आणि डोळे मिटूनच "आमेन" म्हणाल्या, तेव्हा आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

म्हणजे मला ते काम नावडतं होतं असं नाही. अडचण एवढीच होती की आमच्या इमारतीमागच्या मैदानात बरोबर पाच वाजता बास्केटबॉलचे संघ पाडायचे.

तिथे शाळेतली मुलं यायची. त्यांच्यात मी 'घरकोंबडी'. हे नाव एका उंच मुलीने पाडलं आणि ते चिकटलं. मला राग यायचा, पण नाव पाडलं म्हणजे निदान मोजलं तरी, असंही वाटायचं. पाचला जो हजर तो खेळणार, उशिरा येईल तो भिंतीवर बसून बघणार. दहा अध्याय वाचून, पुस्तक फडताळात ठेवून, आजींचा "सावकाश जा गं" ऐकून मी पोचायचे तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झालेली असायची. मंगळवार आणि शुक्रवार मी भिंतीवर काढले. घरी टोपलीत कागदाचे बोळे टाकून टाकून माझा नेम असा बसला होता की बाबा मला 'तोफखाना' म्हणायचे, आणि ही तोफ भिंतीवर बसून होती.

तर तो शुक्रवार. शास्त्रात साधारण तिसऱ्या हिश्शावर एके ठिकाणी ओळीने नऊ अध्याय जवळजवळ नुसत्या नावांचे आहेत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याची मुलं हे, हे आणि हे. गोष्ट नाही, लढाई नाही, सगळी जंत्री. मी आदल्या दिवशीच पानं चाळून ठेवली होती आणि मनातून वैतागले होते, कारण त्या दिवशी संघ पाडल्यावर बाहेरच्या एका गटाशी सामना होता.

त्या दिवशी आजींनी मला नेहमीपेक्षा लवकर दार उघडलं. केस नीट बांधले होते, अंगावर इस्त्रीचा झगा होता. "आज नावं ना?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं आणि वाचायला लागले. एक पान झालं असेल नसेल, सुया थांबल्या. मान खाली गेली.

माझा हात टिचकीसाठी पुढे झाला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी ते स्वतःला पुष्कळदा सांगितलं, जणू हात पुढे करण्याचे अर्धे गुण मिळतात. मी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून सात मिनिटं. हात मागे घेतला. पानं उलटली, आवाज न करता, एकेक. वीस मिनिटं गप्प बसून राहिले. मग दहावा अध्याय काढला आणि त्याच सुरात वाचायला सुरुवात केली.

दोन-चार ओळींत आजी जाग्या झाल्या. त्यांनी मान वर केली, थोडा वेळ ऐकलं. दहाव्या अध्यायात लढाई आहे, लपवता येण्यासारखं नव्हतं.

"नावं झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली, आजी."

"सगळी?"

"सगळी."

लोकरीचा गुंडा मांडीवरून खाली पडला होता, तो मी उचलून दिला. साडेचारला मी मैदानावर होते. वहीत लिहिलं : दहा अध्याय. आईने सही केली. सामना आम्ही जिंकलो, मी सहा वेळा चेंडू जाळीत टाकला, आणि उंच मुलगी म्हणाली, "घरकोंबडीला रोज आणा रे." त्या दिवशी मला अपराधी वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. नावंच तर होती. ज्यांची होती ते मरून हजारो वर्षं झाली.

त्यानंतर दहा महिने मी एक शब्दही गाळला नाही. हीसुद्धा माझी एक पळवाट होती. गेल्या महिन्यात शेवटचा अध्याय संपला. आजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

मग रविवार आला. आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी ज्याला देवाचे आभार मानायचे असतील तो उभा राहून बोलतो. आजी उभ्या राहिल्या. एरवी त्या बोलत नाहीत, म्हणून सगळे माना वळवून बघायला लागले.

"माझी एक इच्छा होती," त्या म्हणाल्या, "ती या मुलीने पुरी केली. सव्वा वर्ष वाचलं. एक शब्द गाळला नाही. गाळलं असेल तर मी. एका दिवशी मला झोप लागली, आणि हिने बिचारीने मला उठवलं नाही, म्हातारीला झोपू दिलं. दोष माझा. तिने आपलं काम चोख केलं."

लोक मायेने हसले. पाद्रीसाहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. आईने डोळे पुसले. बाबांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि धाकटी कुजबुजली, "तुझे कान लाल झालेत." खाई त्याला खवखवे म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी गणितं एकही बरोबर आली नाहीत. आई म्हणाली, "बरं नाही का?" मी "बरी आहे" म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला बजावत होते. आजींचं समाधान झालं आहे, कशाला मोडायचं? पण ते समाधान नव्हतं. त्यांनी भर चर्चमध्ये माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि तो माझा आहे हे त्यांना माहीतही नव्हतं.

मंगळवारी चार वाजता मी खाली गेले. वाचायला काही उरलं नव्हतं तरी गेले.

"आता कशाला आलीस?" आजी म्हणाल्या, पण चेहरा उजळला. "बस. चहा टाकते."

"आजी, त्या दिवशी तुम्हाला झोप लागली ना, नावांच्या वेळी—"

"तेच ना," त्या खुर्चीत टेकल्या. चहा राहिला. "तुला म्हणून सांगते. आदल्या रात्री मला झोपच आली नव्हती. उद्या ती पानं येणार म्हणून. लहान मुलासारखी जागी राहिले, आणि ऐन वेळेला पेंगले."

"पण त्यात एवढं काय होतं?"

त्यांनी विणकाम हातात घेतलं, पण सुया चालवल्या नाहीत. "मला एक मुलगा झाला होता. चार दिवस होता. पाद्री बाप्तिस्मा द्यायला आले तेव्हा आमचं नावसुद्धा ठरलं नव्हतं. आमच्या यांनी शास्त्र उघडलं, ती नावांची पानं काढली आणि त्यातलं एक निवडलं. असं, की दुसऱ्या कुणाचं नसेल. म्हणाले, म्हणजे कुणी हाक मारली तर ती यालाच असेल." त्यांनी लोकर बोटाला गुंडाळली. "हाक मारायची वेळच आली नाही. पुढे आम्ही घरात ते नाव घेत नव्हतो, यांना सोसत नव्हतं. मग हेही गेले. आता ते नाव माहीत असलेलं माणूस मी एकटीच. मी तेव्हा मनाशी म्हटलं, सगळं शास्त्र वाचून घेते. त्यात ते आपोआप येईल. दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकेन."

"मग परत वाच, असं तुम्ही मला म्हणायचं होतं," मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता.

"पाचला तुझा खेळ असतो. खिडकीतून चेंडूचा आवाज येतो मला. पोर सव्वा वर्ष भिंतीवर बसते माझ्यापायी, आणि मी आणखी कुठल्या तोंडाने मागू? माझाच डोळा लागला. आई असून झोपले, त्याला कोण काय करणार?"

"आजी, तुम्ही झोपलात म्हणून नाही गेलं ते," मी म्हणाले. "मी वाचलंच नाही. तुमची मान खाली गेली आणि मी टिचकी मारली नाही. पानं उलटली आणि गप्प बसले. तुम्ही जाग्या असतात तरी... नाही, जाग्या असतात तर वाचावं लागलं असतं. तुम्ही झोपलात म्हणून मी पळाले. आणि सगळी झाली म्हणून खोटं बोलले."

आजींनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"किती वाजता गेलीस त्या दिवशी?"

"साडेचारला."

"खेळायला?"

"हो."

"जिंकलात?"

"हो."

त्यांनी मान हलवली, हळूहळू, जणू हिशेब लागत होता. मग आवाज चढला. आजींचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. "दहा महिने मी स्वतःला बोल लावते आहे. रोज. प्रार्थनेत त्याची क्षमा मागितली मी, मुलाची. आणि परवा भर चर्चमध्ये उभी राहिले, तेव्हा तू समोर बसली होतीस."

"हो."

"बसून राहिलीस."

"हो, आजी." मी रडत होते, पण त्यांना दिसणार नव्हतं, आणि दिसू नये असंच वाटत होतं. रडण्यावर सूट मिळवायची नव्हती मला. "माझं चुकलं. मला माफ करा."

"माफ केलं असं आत्ता म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता म्हटलं तर ते खोटं होईल, आणि एक खोटं पुरे झालं. फडताळातून पुस्तक काढ."

मी काढलं. पान शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथेच उघडलं.

"कुठलं नाव ते, आजी?"

"ते सांगणार नाही. सगळी वाच."

मी वाचायला लागले. अमक्याचा मुलगा तमका. त्या दिवशी ज्यांना मी जंत्री म्हटलं होतं त्यातलं एकही नाव आता मला उरकता येईना. कुठलंही ते असू शकत होतं. जीभ अडखळली की मी मागे जाऊन पुन्हा नीट म्हणत होते, कारण चुकीच्या उच्चाराने हाक मारली तर ती त्याला कशी पोचणार? आजींच्या सुया सावकाश चालत होत्या. दुसरा अध्याय झाला, चौथा झाला. पाच वाजले, मैदानातून उंच मुलीने मला नावाने, म्हणजे त्या टोपणनावाने, दोनदा हाक मारली. मग चेंडू आपटायला लागला.

सातव्या अध्यायात एका ओळीत चार भाऊ आले. तिसऱ्याला सुया थांबल्या.

मान खाली गेली नव्हती. मीही थांबले. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते माझं नाही.

"पुन्हा," आजी म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. नुसतं तेवढंच, सावकाश, हाक मारल्यासारखं.

"पुन्हा."

मी तिसऱ्यांदा म्हटलं. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलले. मला वाटलं, झालं, आता पुस्तक मिटायचं, आणि मी खूण सरकवायला लागले. कागदाचा आवाज त्यांनी ऐकला.

"मिटू नकोस," त्या म्हणाल्या आणि सुया पुन्हा चालू झाल्या. "पुढे वाच. त्या सगळ्यांनाही आया होत्या."

मी चौथ्या भावाचं नाव वाचलं.