साबणाच्या ड्रममधलं सॅनिटायझर

निमोण्याच्या महिला बचत गटाच्या फलकावर माझा फोटो आहे. खाली लिहिलंय ‘सल्लागार’. भांडी घासायचं लिक्विड चांगुणा बनवते, विक्री अध्यक्षा रतनबाई बघतात आणि सल्ला मी देतो. तो कुणी मागितलेला नसतो. एकतीस वर्षं केमिस्ट्री शिकवल्यावर पेन्शन मिळते, गप्प बसायची सवय मिळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात चांगुणानं पन्नास लिटरचा ड्रम बनवला. मधासारखा दाट. मला मात्र तो जरासा गढूळ वाटला. ग्रामपंचायतीत कोरोनातले सॅनिटायझरचे कॅन अजून पडून होते. म्हटलं, अल्कोहोलनं कंपनीच्या मालासारखी चकाकी येईल, वर जंतूही मरतील. बायका कांदा काढायला गेल्या होत्या. मी पाच लिटरचा अख्खा कॅन ओतला. लिक्विड काचेसारखं नितळ झालं. पाण्यासारखं पातळही झालं, पण ते मी उन्हावर ढकललं आणि बाटल्या स्वतः भरून दौंडला पाठवल्या.

आठवड्याभरात दौंडचे खाणावळवाले पोपटराव त्याच बाटल्या घेऊन गटाच्या बैठकीत हजर.

“फेस न्हाई, दाटपणा न्हाई. पाणी घालून इकताय व्हय?”

रतनबाई चांगुणाकडं वळल्या. “आर्धं लिक्विड कुठं गेलं गं? भावाच्या हाटेलात?”

“आक्का, थेंब न्हाई हलवला मी.”

“मग पानी काय आभाळातनं पडलं?”

मी बाटली तिरकी केली आणि काय झालं ते कळलं. साबणाच्या कणाचं डोकं पाण्यावर खूश असतं, शेपटी पाण्याला भिते. म्हणून हे कण घोळका करतात: डोकी बाहेर, शेपट्या आत. दाट लिक्विडात या घोळक्यांच्या लांब दोऱ्या होतात, त्या एकमेकींत गुंततात. अल्कोहोल मधे घुसलं की शेपट्यांची भीती जाते आणि दोऱ्या तुटतात. दारू आल्यावर सभा उधळते, तसंच. हे मी दर वर्षी फळ्यावर काढायचो.

आणि मी काय बोललो? “चौकशी व्हायला पाहिजे.”

गटात तंटा झाला की हळदीचा भंडारा हातात घेऊन खरं सांगायचं, अशी रीत आहे. चांगुणानं ताटलीतून मूठ भरली. “पानी घातलं असंल तर हात झडतील.” तिचा आवाज हलला नाही. मग एकेक बाई उठली. ताटली माझ्यासमोर आली, तेवढ्यात रतनबाई म्हणाल्या, “सरांना कशाला? सर शिकलेलं मानूस.”

ताटली पुढं गेली. स्वतःच्याच नजरेत इतका हलका मी आयुष्यात कधी ठरलो नव्हतो. हात लांब करून मी ती मागं ओढली.

“मीच घातलंय. पाणी नाही, सॅनिटायझर.”

मग रतनबाईंचे डोळे भरून आले. “बघा, बाईची अब्रू झाकाय सर सोताव घेत्यात!”

“मोठं मन,” पोपटराव म्हणाले.

गुन्हा कबूल करून मी थोर ठरलो आणि चांगुणा चोर ती चोरच राहिली. ती माझ्याकडं बघत होती. तिला खरं कळलं होतं.

“सर,” ती म्हणाली, “करून दावा.”

तिनं त्याच सकाळी बनवलेलं ताजं लिक्विड पेल्यात आणलं. चमचा त्यात उभा राहत होता. पंचायतीतून उरलेला कॅन आला. सगळ्यांसमोर मी थोडं ओतलं, ढवळलं. चमचा खळकन काठावर आपटला.

पोपटरावांनी पेला वाकडा करून पाहिला, मग उठून चांगुणाला हात जोडले. रतनबाईंनी पदर तोंडाला लावला.

“सर,” पोपटराव जाताना म्हणाले, “तुमी शाळंत केमिस्ट्रीच शिकवायचा ना?”

मी कॅनचं झाकण लावू लागलो.

“व्हय,” चांगुणानंच उत्तर दिलं. “माज्या दोनी पोरींना.”