धावडा दिला तेव्हा पौष उबदार होता

माघातली सकाळ. मेळघाटाच्या माथ्यावरची शुभ्र, निष्ठुर, निःशब्द सकाळ. पातीपातीवर दव गोठलेलं, पाणवठ्यावर काचेचा पापुद्रा, आणि सूर्य? सूर्य कसला, धुक्याच्या घोंगडीत तोंड खुपसून पडलेला कामचुकार.

सुंदर आहे म्हणतात. म्हणोत. अंगात लोकर असली की गोठलेलं सगळंच सुंदर दिसतं.

त्या शुभ्रतेच्या तळाशी कुडाचं एक घर. घरात रामकली, कोरकू बाळंतीण. तिच्या छातीशी सहा दिवसांचं, दीड किलोचं, महिनाभर आधी आलेलं पोर. दवाखान्यातून निघताना नर्स म्हणाली होती, ऊब तेवढी द्या. ऊब तेवढी. जणू ती झाडाला लागते.

आणि इथे ती झाडालाच लागते. रामकलीच्या नवऱ्याला, सानूला, त्याच्या आईनं, फुलकायनं, चालायला लागल्यापासून हेच शिकवलं. कार्तिकात सालई जाळायची. भडकते नि विझते, कोवळ्या गारव्याला तेवढी पुरे. मार्गशीर्षात तेंदू. आणि धावडा, तो पोलादगर्भ, मंदज्वाल, दीर्घनिखार धावडा, राखायचा पौष-माघासाठी. एक ओंडका पेटला की दिवसभर लालबुंद जागतो.

पण यंदा पौष आलाच नाही. कॅलेंडरवर आला, अंगावर नाही. पौषातच पळस फुलला, माणसं अंगणात उघडी झोपली, आणि सानूला वाटलं, थंडी सरली. त्याच्या आज्यालाही पळस बघून हेच वाटलं असतं. माणसानं फसवलं तर शिव्या देता येतात. झाडानं फसवल्यावर कुणाला देणार?

त्याच उबदार दिवसांत रामकलीला कळा लागल्या. गाडी एकच: वरच्या हॉटेलची जीप. मॅनेजरनं बदल्यात धावडा मागितला, सगळा, पाहुण्यांच्या शेकोटीसाठी. "सालई नको," तो म्हणाला, "धूर होतो, फोटो खराब येतात."

सानूनं दिला. रचलेली अख्खी रास दिली, आणि जीपमध्ये बायकोचा हात धरून हसला. थंडी तर गेलीच होती.

तिसऱ्या दिवशी वारा उत्तरेकडून फिरला.

आता उरली सालई. पेटते, नाचते, दरवळते, आणि घटकेत राख. उरला पळस, रानातून आत्ताच तोडलेला, ओला; त्याच्या धुरानं पोराचा श्वास अडतो. सानू एक काटकी उचलतो, ठेवतो. दुसरी उचलतो, ठेवतो. निवडायचं काय, जेव्हा निवडण्याजोगं काही उरलंच नाही?

पोराचे ओठ जांभळे. जांभळीच्या फळासारखे जांभळे.

फुलकाय उठली. आढ्यावरून तिनं एक सागवानी फळी ओढून काढली. फळीवर कोरलेला चंद्र, सूर्य, घोड्यावरचा स्वार. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या तिच्या नवऱ्याच्या नावानं कोरलेली फळी. गावाला जेवण घालून ती झाडाखाली रोवली नाही, तर मेलेला माणूस पितरांत जात नाही, बाहेरच भटकतो. जेवण जमलं नाही. फळी वाळत राहिली.

"मांय, मंग बा कुठं जाईन?"

"तुह्या बापाले दोन हिवाळे भाईर काढाची सवय हाय. ह्याले न्हाई."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकायले म्हना, लाकडं आना."

तिनंच ती चुलीत सारली. ज्या हातांनी लग्नात नवऱ्याला हळद लावली होती, त्याच हातांनी.

फळी जळली. तेलकट, नितळ, सुवर्णज्वाळ जळली. चंद्र गेला, सूर्य गेला, स्वार घोड्यासकट गेला. पोराच्या ओठांवर किंचित, अगदी किंचित, रंग आला. दुपारपर्यंत टिकला. फळीही दुपारपर्यंतच टिकली.

वारा थांबला नाही. तो कशाला थांबेल? त्याच्या घरचं कोण जळत होतं?

घरात सागाचं आणखी एकच लाकूड होतं: दार. लावलं तर वारा अडतो, जाळलं तर पोर शेकतं; दोन्ही एकदम होत नाही. सानूनं बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केली, ओंडक्यावर करतात तशी, आत ओल किती ते ऐकायला.

खणखणीत वाजलं. कोरडं होतं.

त्यानं कुऱ्हाड घेतली. रामकलीनं पोर पदरात आणखी आत ओढलं. फुलकायनं मान फिरवली.

दार पडलं. दार पेटलं. आणि रिकाम्या चौकटीतून पांढराशुभ्र माघ आत आला, हळूहळू आला, चुलीपाशी बसला, शेकू लागला.