हर्षाच्या टाळ्या

आमची हर्षा ढ हाये, असं सारेच म्हनत. मास्तर म्हनत, शेजारीन म्हने. मी तिची सख्खी माय, मीबी म्हनो. हाक मारली तं पायत नाई, इचारलं एक तं सांगते भलतंच. लहानपनी तिचा कान वाहे, पन तो कवाचा बरा झाला असंच आमाले वाटे.

मागच्या साली अमरावतीहून गीतांजली मॅडम आमच्या बाळापूरकडच्या शाळेत आल्या. टॅबवर शिकवलं तं पोट्टे जास्त शिकतेत का, हे त्याइले तपासाचं होतं. साऱ्या पोरायले एकेक टॅब देल्ला, कानाले लावाले हेडफोन देल्ला.

अन् काय सांगू बाप्पा! थोड्याच दिसात हर्षा वावरात झेंडू तोडता तोडता टॅबवरच्या गोष्टी सांगाले लागली. मॅडम खूश. मी शाळेत पाहाले गेली. तिचा हेडफोन सहज माह्या कानाले लावला अन् झटक्यात काढला, डोकं भनभनलं. पोट्टीनं आवाज पार शेवटावर नेऊन ठेवला होता. अवो, माह्या लेकराले ऐकूच येत नव्हतं! मी तिथंच रडली.

मॅडम बाई चांगली. अकोल्याच्या डॉक्टरले चिठ्ठी देल्ली. डॉक्टर म्हने, कानाची मशीन लागन, शिबिरात भेटन, नाव लिहून घेतो. ते शिबिर काही अजून आलं नाई.

परीक्षा झाली अन् मॅडमचा अभ्यास संपला. टॅब पेट्यात भराले लागले. मी हात जोडले, "मॅडम, हिचा येवढा राहू द्या ना."

"ताई, सगळं परत जमा करावं लागतं हो," त्या म्हनल्या. त्याइचे डोळे भरले होते. पन मले राग आला तो आलाच, आजबी येते.

हर्षाच्या बापानं बाजारातून हेडफोन आनला, मोबाईलले लावला. गाने ऐकू आले. पन मास्तर काय मोबाईलमधून बोलते? हर्षा पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसली.

मंग अकोल्याले मोठा कार्यक्रम झाला. हर्षाची प्रगती साऱ्यात जास्त, म्हनून आमाले बलावलं. पडद्यावर तिचा हेडफोन लावून हासतानाचा फोटो. माईकवरून एका मानसानं तिचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा. ते माह्याजवळ बसून पंख्याकडं पाहून रायली होती.

"लाजून रायली वाटते," मांगून कोनीतरी म्हनलं.

गीतांजली मॅडम खाली आल्या, तिचा हात धरून वर घेऊन गेल्या. सारे उभे राहून टाळ्या वाजवाले लागले. हर्षा बक्षीस घेऊन आली, माह्या पदराले ओढून इचारे, "माय, तो माईकवाला मानूस माह्याबद्दल काय म्हने?"

मी तिच्या कानाले तोंड लावून वरडली, "तू लय हुशार हायस म्हने!"

टाळ्या सुरूच होत्या. हर्षानं माह्या ओठाकडं पाह्यलं.

"काय?" ते म्हनली.